हतनूरच्या फुगवट्याकाठच्या जमिनीची पाणथळ व अधिवास पाहणी : सेवेचा अनुभव

जळगाव जिल्ह्यात तापी नदीवर असलेल्या हतनूर धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याला, लागून आमच्या कुटुंबाची अडीच एकर काळी जमीन आहे. तिथे शेतघर बांधण्याचे तिघा भावांनी ठरवले, तेव्हा पाया खोदण्यापूर्वी त्या काठावर काय जगते हे जाणून घ्यावे, असा आग्रह आमच्या आईने धरला आणि जळगावच्या एका दोन माणसांच्या सल्लागार संस्थेला आम्ही पाहणीचे काम दिले.

पहिल्याच भेटीत त्यांनी कायद्याची बाजू स्पष्ट केली, हे मला सर्वांत आवडले. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळ जागेत, मागील दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. पण नदीपात्र आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. त्यामुळे फुगवट्याला ते नियम आपोआप लागू होत नाहीत. तेथे पाटबंधारे खात्याची संपादन रेषा (धरणासाठी घेतलेल्या जमिनीची हद्द) आणि पूररेषा पाहावी लागते. हे न सांगता आम्हाला भीती दाखवून मोठे काम मिळवणे त्यांना सहज जमले असते.

जमिनीची तपासणी मात्र मन लावून केली. उताराच्या खालच्या अंगाला हातगिरमिटाने अकरा ठिकाणी भोके पाडून त्यांनी मातीचे थर कागदावर मांडून दाखवले. पाणी साचून राहणाऱ्या मातीत हवा पोहोचत नाही, लोहाचे स्वरूप बदलते आणि राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसू लागतात. परंतु आपल्या काळ्या मातीत ते ठिपके रंगातच बुडून जातात, म्हणून केवळ मातीवरून निष्कर्ष काढायचा नाही, असे त्यांनी बजावले. वनस्पतींचेही तसेच आहे. लव्हाळा आपल्या कपाशीतही येतो, त्यामुळे त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही. पाणकणीस, म्हणजे पाण्यात वाढणारे उंच कणसाचे गवत, दाट उभे असेल तर ती खूण भक्कम. आम्ही ज्याला आजवर चिबड, म्हणजे पाणी साचून बिघडलेली जमीन, म्हणून नावे ठेवत होतो, त्या कोपऱ्यातल्या पाणकणसातच जांभळ्या पाणकोंबड्या आढळल्या.

माझी खरी तक्रार हंगामाची आहे. मूळ कामात डिसेंबरची एकच भेट होती. त्या वेळी चक्रवाक आणि तलवार बदकांचे थवे मोजले गेले, अहवालही देखणा झाला, पण पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर कोण अंडी घालते, याचा त्यात एकही शब्द नव्हता. एप्रिलच्या भेटीसाठी वेगळे पैसे मोजावे लागले. त्या भेटीत समोरच्या बेटावर नदी सुरय या पाणपक्ष्यांची वीण दिसली, आणि टिटवीची अंडी तर आमच्या नियोजित अंगणातच, ढेकळांच्या मध्ये सापडली. ज्या जलाशयाची पातळी वर्षभर बदलते, तिथे एका भेटीची पाहणी अपुरीच, ही गोष्ट संस्थेने करार करतानाच सांगायला हवी होती.

दुसरी उणीव माणसांची. जाळी टाकणारे भोई बांधव आणि गाळपेरा करणारे, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे, शेतकरी यांना विचारण्याची कल्पना त्यांची नव्हती, आमची होती. पुरात धरणाचे ४१ दरवाजे उघडावे लागतात तेव्हा पाणी कुठवर चढते, हे एका वयस्क भोई काकांनी बाभळीच्या खोडावर हात ठेवून दाखवले, तेव्हा नकाशावरची रेषा बारा पावले वर सरकवावी लागली. इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवाराही दोनच पानांचा होता. अशा अहवालाचे खरे वाचक काठावरच राहतात. तो पूर्ण मराठीतच असायला हवा.

तरीही ही सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. फक्त हिवाळा आणि उन्हाळा अशा दोन भेटी व स्थानिकांच्या मुलाखती आधीच लेखी ठरवून घ्याव्यात. शेतघर आम्ही आता वरच्या बांधाला लागून बांधणार आहोत, खालच्या अंगाला तारेचे कुंपण नसेल, दिवे जमिनीकडे झुकलेले राहतील आणि विणीच्या महिन्यांत कुत्री बांधलेली असतील. चिबडाचा कोपरा आईने आपल्या नावावर मागून घेतला आहे.