सीएनजी गाडीत इरिडियम प्लग: आठ महिने, अकरा हजार किलोमीटर

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडर, कंपनीतूनच सीएनजी बसवलेली. धाव रोजची मुलुंड–अंधेरी, जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड) गर्दीतून. निकेलच्या टोकाचे झिजलेले स्पार्क प्लग काढून इरिडियम धातूच्या टोकाचे टाकले, मधे अख्खा पावसाळा गेला.

मायलेज वाढलं नाही. पिकअप सुधारला, पण तेवढा तो नव्या निकेल प्लगनेही सुधारला असता. खरा फरक गॅसवर कळतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून प्लग झिजून गॅप (ठिणगी उडते ते दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) वाढला की गाडी पेट्रोलवर ठणठणीत असते आणि गॅसवर, फ्लायओव्हरच्या चढावर, मिस मारते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून धक्के देते. इरिडियमचं टोक जेमतेम ०.६ मिमी (डेन्सो कंपनीच्या काही प्लगमध्ये ०.४), त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ ला. टोक झिजतं ते सावकाश. आठ महिन्यांनी गॅप मोजला तर ०.८ मिमीचा जवळपास ०.८ च.

पण डब्यावर इरिडियम लिहिलंय म्हणून प्लग लाखभर किलोमीटर चालेल असं नाही. वरचा वाकडा इलेक्ट्रोड साध्या निकेलचा असेल तर तो आधी झिजतो. त्यावरही प्लॅटिनमचा ठिपका असेल तरच दीर्घायुषी म्हणायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घेताना डबी उघडून हे बघाच. हीट रेंजमध्येही (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) गफलत होते: एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. आकडा गाडीच्या पुस्तकातलाच ठेवावा.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला तर आटे जातात. दहा मिमीच्या गोटीने (सॉकेट पान्याने) प्लगवरच्या इग्निशन कॉइलचा बोल्ट काढा, आणि प्लग सोडवण्याआधी तो बसतो त्या खड्ड्यात हवा मारा. मुंबईची धूळ आणि पावसाचा चिखल तिथे साचलेला असतो, तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. नवा प्लग गोटीने सुरू करू नका. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून बोटांनी फिरवा. आटा तिरका लागला तर पाइप हातात घसरतो, आटा वाचतो. वॉशर टेकल्यावर १४ मिमी आट्याच्या नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे, टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ मिमीला १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावू नये, आवळणं नकळत जास्त होतं.

गॅप सीएनजीला साधारण ०.७ ते ०.८ मिमी, नुसत्या पेट्रोलच्या गाड्यांत बहुधा १.० ते १.१. नाण्यासारखा गोल गेज इरिडियमच्या टोकावर टेकवून ढकलला की टोक तुटलंच म्हणून समजा. तारेचा गेज वापरा, वाकवायचा तो फक्त वरचा इलेक्ट्रोड. हातातून पडलेला प्लग परत लावू नका, चिनी मातीत केसाएवढी चीर असते आणि ती लोड आल्यावरच बोलते.

काढून पाहिले तेव्हा चारही टोकं फिकट राखाडी, गॅसवर असंच हवं. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर मात्र, धातूला लागून, तपकिरी कडं होतं. मेकॅनिक याला कॉम्प्रेशन लीक म्हणून प्लग बदलायला लावतात. तो कोरोनाचा (आजार नव्हे, जास्त व्होल्टेजचा विद्युत परिणाम) डाग असतो: जास्त व्होल्टेजमुळे भोवतालच्या हवेतले तेलकट कण चिकटतात. पुसला, परत लावला, चालू आहे.