डांग्या खोकला आणि तान्हे बाळ: फक्त टीडी, गरोदरपणातली टीडॅप की बाळंतपणानंतरची लस?

मराठवाड्यातील गर्भवतीला गावाच्या उपकेंद्रात धनुर्वात-घटसर्पावरील टीडीची इंजेक्शने मोफत मिळतात. जालना, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ मात्र सातव्या महिन्याच्या सुमारास टीडॅप नावाची, डांग्या खोकल्यावरही चालणारी आणखी एक लस सुचवतात आणि तिची किंमत सहसा हजार रुपयांच्या पुढे जाते. दोन्ही नावे जवळपास सारखी असल्याने, एक घेतली असताना दुसरीवर पैसे का घालावेत, असा प्रश्न घरात निघणे साहजिक आहे. काही घरांत तिसरा विचारही होतो, तो असा की गरोदरपणात जास्तीची सुई नको, बाळंतपण सुखरूप झाल्यावर आईने आणि घरातल्या मोठ्यांनी लस घ्यावी. या तीन वाटांची तुलना करताना एकच कसोटी लावायला हवी: जन्मल्यापासून पहिले दोन महिने बाळाच्या स्वतःच्या रक्तात डांग्या खोकल्याविरुद्धचे बळ कोणत्या वाटेने पोहोचते?

कसोटी पहिल्या दोन महिन्यांची असण्याचे कारण सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकातच आहे. बाळाला पेंटाव्हॅलेंट लसीचा पहिला डोस 6 आठवड्यांनी, दुसरा 10 आठवड्यांनी आणि तिसरा 14 आठवड्यांनी मिळतो. डांग्या खोकल्यावरचा घटक याच लसीत असतो, जन्मताच दिल्या जाणाऱ्या बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब या लसींत तो नसतो. आपल्याकडे बाळ-बाळंतीण साधारण सव्वा महिना एका खोलीत जपली जाते, पण याच काळात पाचवी होते, बारसे होते, बाळ पाहायला गावोगावचे पाहुणे येतात, त्यांतला एखादा खोकत असतो आणि बाळाचा पहिला डोस अजून झालेलाही नसतो. या रोगाने होणारे बालमृत्यू मुख्यतः याच वयात होतात. मोठ्या मुलात खोकल्याची उबळ आणि तिच्या शेवटी श्वास आत ओढताना येणारा आवाज ऐकून जाणती माणसे रोग ओळखतात. दोन-तीन आठवड्यांच्या बाळात मात्र तो आवाज बहुधा येतच नाही. ते दूध ओढायचे थांबते, खोकताना निळे पडते, काही वेळा न खोकताच त्याचा श्वास थांबतो आणि पुढे न्यूमोनिया किंवा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढणे अशा गुंतागुंती होतात. प्रतिजैविक औषध रोगाच्या अगदी सुरुवातीला दिले तर उपयोगी पडते. उबळी सुरू झाल्यानंतर दिल्यास संसर्ग पसरणे थांबते, पण उबळी लगेच थांबत नाहीत. म्हणूनच या वयात उपचारांपेक्षा प्रतिबंधावर भर द्यावा लागतो.

पहिली वाट फक्त टीडीची आहे. टीडी धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांवरची लस असून डांग्या खोकल्याचा घटक तिच्यात अजिबात नाही. यावरून तिचे मोल कमी समजू नये. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे 2015 मध्ये मान्य झाले, त्यामागे गर्भवतींना दिलेल्या धनुर्वाताच्या लसीचा मोठा वाटा आहे आणि ती लस कोणत्याही परिस्थितीत चुकवता कामा नये. परंतु टीडी घेतली म्हणजे डांग्या खोकल्याचाही बंदोबस्त झाला, ही समजूत खरी नाही. आईला लहानपणी त्रिगुणी लस मिळाली होती किंवा तिला कधीकाळी डांग्या खोकला होऊन गेला होता, हा आधारही पुरत नाही, कारण लसीने येणारी प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरते आणि प्रत्यक्ष रोगाने येणारीही जन्मभर टिकत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या आईच्या रक्तात बाळाला देण्याजोगी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातील प्रथिने) फारच थोडी उरलेली असतात.

दुसरी वाट गरोदरपणातील टीडॅपची आहे आणि तिचे काम कसे चालते हे समजले की वेळेचे महत्त्व आपोआप कळते. टीडॅपमध्ये धनुर्वात व घटसर्पाच्या घटकांबरोबर डांग्या खोकल्याच्या जंतूचे शुद्ध केलेले मोजके अंश असतात. त्यात जिवंत जंतू नसल्यामुळे लसीतून रोग होण्याचा प्रश्नच येत नाही. सुई घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे भरपूर वाढतात आणि वारेतून बाळाकडे जातात. हे वहन गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोमाने होते, इतके की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात जन्मतेवेळी आईपेक्षाही अधिक प्रतिपिंडे आढळू शकतात. म्हणून भारतातील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोन्ही 27 ते 36 आठवड्यांचा काळ सुचवतात. माझ्या मते या काळातही सुरुवातीचे आठवडे अधिक चांगले, कारण बाळ दिवसांआधी जन्मले तरी प्रतिपिंडे तयार होऊन पोहोचायला अवधी मिळालेला असतो. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते ती आपल्याकडे बहुधा सातव्या महिन्यात, डोहाळजेवण झाल्यावर. निघण्याआधी सासरच्या डॉक्टरांकडे किंवा पोहोचल्यावर पहिल्याच तपासणीत हा विषय काढला, तर वेळ नेमकी साधते. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांवर विसंबून राहिले की नेमकी हीच लस राहून जाते.

या वाटेचा परिणाम मोठ्या लोकसंख्येवर पाहिला गेला आहे. इंग्लंडमध्ये 2012 मध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली आणि त्या वर्षी 14 तान्ही बाळे दगावली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून तेथे सर्व गर्भवतींना ही लस देणे सुरू झाले. नंतरच्या अभ्यासात तीन महिन्यांखालील बाळांना या उपायाने सुमारे 91 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. अमेरिकेत आईने शेवटच्या तीन महिन्यांत लस घेतली असता दोन महिन्यांखालील बाळांतील सुमारे 78 टक्के रुग्ण टळले आणि रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण तर त्याहूनही जास्त दिसले. सुरक्षिततेविषयी ब्रिटनमध्ये सुमारे 20 हजार गर्भवतींची माहिती तपासण्यात आली, तिच्यात मृतजन्म वाढल्याचे आढळले नाही. दंड दुखणे, सुईच्या जागी सूज, एक-दोन दिवस कणकण किंवा थकवा इतकाच त्रास बहुतेकींना होतो. पूर्वी याच घटकांच्या लसीने तीव्र ॲलर्जी झालेली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगायला हवे.

या वाटेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे साधारण दर महिना-सव्वा महिन्याने निम्मी होत जातात, त्यामुळे ती पेंटाव्हॅलेंटच्या पहिल्या डोसापर्यंत बाळाला सांभाळतात, पण त्या डोसाची जागा घेत नाहीत. लस घेतलेल्या मातांच्या बाळांची स्वतःच्या लसीला मिळणारी प्रतिक्रिया किंचित कमी दिसते, असेही अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे रोगाचे प्रमाण वाढल्याचे मात्र दिसलेले नाही आणि सर्वांत नाजूक दोन महिन्यांतला लाभ त्याच्या तुलनेत फार मोठा आहे. शिवाय हा खर्च दर गरोदरपणात करावा लागतो, कारण मागच्या खेपेची प्रतिपिंडे पुढच्या बाळापर्यंत टिकत नाहीत. अंतर दीड-दोन वर्षांचे असले तरीही हेच लागू होते. टीडीच्या दुसऱ्या डोसाऐवजी टीडॅप घेता येते, म्हणजे सुयांची संख्या वाढतेच असे नाही. मात्र हे परस्पर ठरवू नये. माता-बाल संरक्षण कार्डावरील टीडीच्या नोंदी खासगी डॉक्टरांना दाखवाव्यात आणि टीडॅपची नोंदही त्याच कार्डावर करून घ्यावी, म्हणजे उपकेंद्रातील नर्सबाईंचा हिशेब चुकत नाही.

तिसरी वाट बाळंतपणानंतर आईने व घरातल्यांनी लस घेण्याची आहे. आईला लस मिळाली की तिच्याकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता घटते हे खरे, परंतु वार पडून गेलेली असल्याने प्रतिपिंडांची मुख्य वाट तोवर बंद झालेली असते. अंगावरच्या दुधातून काही प्रतिपिंडे जातात, पण त्यांचे काम मुख्यतः नाका-घशाच्या आतील अस्तरावर चालते आणि रक्तातील संरक्षणाची भरपाई त्यांतून होत नाही. उरते ते घरातल्यांना लस देऊन बाळाभोवती कडे करणे. अमेरिकेत हा उपाय 2006 पासून सुचवला जात होता. सर्व माणसांपर्यंत वेळेत पोहोचणे कठीण जाते, हा अनुभव आल्यावर तेथील तज्ज्ञांनी 2012 मध्ये प्रत्येक गरोदरपणात आईला लस देण्याची शिफारस केली. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात आजी, आजोबा, काका, आत्या सगळ्यांना टीडॅप द्यायची म्हटले तर आठ-दहा हजारांचा खर्च सहज होईल. एवढे करूनही, ही लस घेतलेला माणूस स्वतः आजारी न पडता जंतू घशात बाळगू शकतो, असे माकडांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून पैसे एकाच लसीपुरते असतील, तर ते घरातल्या इतरांवर न घालता गर्भवतीच्या टीडॅपवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळाभोवतीच्या कड्याचा जो भाग फुकट उभा राहतो तो मात्र सोडू नये: घरातील मोठ्या भावंडांचे 16 ते 24 महिन्यांचे आणि 5-6 वर्षांचे त्रिगुणी बूस्टर राहिले असतील तर ते सरकारी केंद्रात आधी पूर्ण करून घ्यावेत. तान्ह्या बाळाला हा खोकला लागतो तो बऱ्याचदा भावंडांकडून किंवा आईकडूनच. ज्याला नवा-जुना कसलाही खोकला आहे, त्याने, मग तो कितीही जवळचा असो, बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये.

बीड, धाराशिव आणि जालना जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला अधिक काळजीची वाटते. ज्या बाईला निघताना पाचवा महिना आहे, तिचे 27 ते 36 आठवडे पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील फडावर जाणार, जिथे ओळखीची आशाताई नाही आणि टीडॅप ठेवणारा दवाखाना शोधायला सवड नाही. ब्रिटनमध्ये ही लस 16 आठवड्यांपासून दिली जाते आणि लवकर दिलेल्या लसीनेही प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचतात असे तेथे दिसले आहे. त्यामुळे पुढे लस मिळण्याची खात्रीच नसेल, तर गाव सोडण्याआधी ती घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी डॉक्टर करतात, तो दिवस या प्रश्नासाठी सोयीचा आहे. लस परवडणारच नसेल, तर टीडी पूर्ण करून बाळाचा पहिला पेंटाव्हॅलेंट डोस 6 आठवडे होताच, जिथे मुक्काम असेल त्या गावच्या सरकारी केंद्रात, कार्ड दाखवून घ्यावा. त्यासाठी गावी परतण्याची वाट पाहू नये, कारण आईकडून काहीच संरक्षण न मिळालेल्या बाळाला त्या डोसाचा प्रत्येक दिवसाचा उशीर अधिक महाग पडतो. अशा बाळाला खोकताना निळेपणा आला, श्वास थांबल्यासारखा वाटला किंवा ते दूध ओढेनासे झाले, तर घुटी, मध किंवा धुरी यांत वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि घरात कोण किती दिवसांपासून खोकत आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

ज्यांचा हा मजकूर वाचतानाच नववा महिना भरत आला आहे, त्यांनी 36 आठवडे उलटले म्हणून विषय सोडून देऊ नये. बाळंतपणाला दोन आठवडे उरले असतील, तर बाळाला बऱ्यापैकी प्रतिपिंडे मिळू शकतात. त्याहून कमी दिवस उरले असतील तर बाळाला थेट लाभ थोडाच होईल, पण आई स्वतः संसर्गाचे कारण होण्याची शक्यता घटेल. लस न घेताच बाळंतपण झाले असेल आणि आईने पूर्वी टीडॅप कधीच घेतलेली नसेल, तर रुग्णालयातून घरी जाण्याआधीच ती घ्यावी. अंगावर दूध पाजत असताना ही लस चालते.