पोलिसांसाठी निधी मागायचा कोणाकडे? आधुनिकीकरण योजना, निर्भया निधी आणि जिल्हा नियोजन समिती यांची तुलना

दिवाळी उलटली की जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात पुढच्या वर्षीच्या मागण्यांची यादी आकार घेऊ लागते. ठाण्यांना गाड्या हव्या असतात, शहरातील सीसीटीव्ही वाढवायचे असतात, सायबर शाखेची यंत्रसामग्री जुनी झालेली असते. ही सगळी यादी एकाच पत्राने वर पाठवून द्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल, अशा आशयाच्या एका ओळीवर ती नस्ती (फाईल) पुढे वर्षभर पडून राहते. वास्तविक प्रत्येक मागणीचे दार वेगळे आहे. लेखा शाखेत काही वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की वस्तू घ्यायला पैसा कोण देतो हे जितके पाहावे, तितकेच ती वस्तू पुढे चालवण्याचा खर्च कोणाच्या लेखाशीर्षात (अर्थसंकल्पातील खर्चाच्या खात्यात) बसणार हेही पाहावे आणि मगच दार निवडावे. नियोजनाचे काम नव्याने हाती आलेल्या अधिकाऱ्यासाठी ही तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

सर्वांत मोठे नाव केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेचे. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये असल्याने केंद्राचा पैसा साहाय्य म्हणून येतो आणि येताना अटी घेऊन येतो. ही योजना १९६९-७० पासून चालत आली आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेल्यानंतर, २०१५-१६ मध्ये केंद्राने काही योजनांमधून हात काढून घेतला, आणि त्याची झळ पोलीस आधुनिकीकरणालाही लागली. पुढे २०१७ मध्ये अनेक योजना एकत्र आणणारी एक मोठी छत्र योजना मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देताना २६,२७५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. हा आकडा वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण त्यातील राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठीचा भाग ४,८४६ कोटींचा होता. पाच वर्षे आणि सगळी राज्ये यांत तो विभागला, तर देशभरासाठी वर्षाला हजार कोटीही भरत नाहीत. मग एका जिल्ह्याच्या ताटात काय पडणार, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. शिवाय महाराष्ट्रासारख्या राज्याला साठ रुपयांच्या केंद्रीय हिश्शामागे स्वतःचे चाळीस रुपये घालावे लागतात, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना नव्वद रुपयांमागे दहाच.

जिल्हा या योजनेकडे थेट जाऊ शकत नाही. मागणी महासंचालक कार्यालयामार्फत राज्याच्या वार्षिक कृती आराखड्यात बसावी लागते, तो आराखडा राज्यस्तरीय समितीतून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, आणि आधीच्या हप्त्यांची उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) अडकलेली असली की पुढचा हप्ताही अडकतो. आपल्या जिल्ह्याने हिशेब वेळेत दिला असला तरी इतरांच्या दिरंगाईचा फटका आपल्याला बसतो, ही या योजनेतील सर्वांत जाचक बाब आहे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गस्तीची वाहने आणि बांधकाम यांना या निधीतून सर्वसाधारण जिल्ह्यांत वाव नाही. ती मुभा ईशान्येकडील बंडखोरीग्रस्त राज्ये आणि नक्षलग्रस्त जिल्हे यांच्यापुरती ठेवलेली आहे. म्हणजे गडचिरोलीने गाडी मागणे आणि सांगली किंवा जळगावने मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रे, संपर्क यंत्रणा, न्यायवैद्यक आणि सायबर तपासाची उपकरणे, प्रशिक्षणाची साधने यांसाठी मात्र हेच दार योग्य, कारण अशी खरेदी राज्यभर एकाच मानकाने झाली तरच ती उपयोगी ठरते. एका जिल्ह्याने वेगळ्याच प्रकारचे वायरलेस संच घेतले, तर शेजारच्या जिल्ह्याशी बोलताना अडचण त्याचीच होते.

गाड्यांसाठी जिल्ह्याला जवळचे दार जिल्हा नियोजन समितीचे. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ यघ आणि महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा यांनुसार ही समिती बनते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांमधून निवडून आलेले. पैसा जिल्ह्यातच ठरतो, त्यामुळे प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, निधी वितरण आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरील खरेदी हे सारे एका आर्थिक वर्षात उरकता येते. १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून थांबले, तेव्हा जुन्या गाड्या बाद होऊन ठाणी अडचणीत आली, आणि अशा वेळी झटपट मदत करण्याची ताकद याच निधीत आहे.

परंतु याच निधीच्या बाबतीत मी सर्वाधिक हळहळलो आहे. एका जिल्ह्यात मार्चअखेर सहा नव्या गाड्या मुख्यालयाच्या मैदानावर रांगेत उभ्या राहिल्या, हार घातले गेले, हिरवा झेंडा दाखवला गेला. जूनमध्ये मोटार परिवहन विभागात गेलो, तर त्यांतील दोन ताडपत्रीखाली होत्या. बॉनेटवरील हाराचा दोरा अजून तसाच अडकलेला होता. चालकांची पदे रिक्त होती आणि इंधनाची तरतूद जुन्याच वाहनसंख्येवर आलेली होती. समिती गाडी देते. चालक, डिझेल आणि टायर गृह विभागाच्या नियमित तरतुदीतून यावे लागतात, आणि ती तरतूद नव्या गाडीची वाट पाहत थांबलेली नसते. म्हणून वाहनांचा प्रस्ताव लिहिताना निर्लेखित (वापरातून कायमच्या बाद) झालेल्या गाड्यांची यादी सोबत जोडावी आणि मागणी तेवढ्याच संख्येची करावी, म्हणजे चालक आणि इंधन आधीपासून हाताशी असते. संख्या वाढवायची असेल, तर चालक कोठून येणार, याची टिपणी त्याच नस्तीत असायला हवी.

सीसीटीव्हीचे गणितही असेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रण १८ महिने जतन करण्याचे निर्देश दिले. १८ महिन्यांचे चित्रण साठवण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा फार वेगळ्या स्वरूपाचा आणि दरवर्षी येणारा असतो. ठाण्यांतील यंत्रणा म्हणूनच राज्यस्तरावर सोडावी. चौकाचौकांतील कॅमेरे नियोजन समितीतून घेता येतात, पण निविदेतच पाच वर्षांची देखभाल धरावी आणि वीजबिल नगरपरिषद भरणार की पोलीस, हे लेखी ठरवून घ्यावे. अन्यथा दुसऱ्या पावसाळ्यानंतर नियंत्रण कक्षातील पडदे एकेक करून काळे पडतात, आणि गुन्हा घडल्यावर तपासी अंमलदार शेजारच्या किराणा दुकानाचे चित्रण मागत फिरतो.

तिसरे दार महिलांच्या सुरक्षिततेसाठीच्या निर्भया निधीचे. २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी तो सुरू झाला आणि त्याची देखरेख महिला व बालविकास मंत्रालयाकडे आहे. ‘सेफ सिटी’ प्रकल्पासाठी निवडलेल्या आठ शहरांत महाराष्ट्रातील एकट्या मुंबईचा समावेश झाला, त्यामुळे इतर जिल्ह्यांनी त्या नावाखाली प्रस्ताव लिहिण्यात वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी या निधीतील खरी गोष्ट म्हणजे ठाण्यांतील महिला हेल्प डेस्क. देशातील १०,००० ठाण्यांसाठी १०० कोटी मंजूर झाले, म्हणजे ठाण्यामागे सरासरी एक लाख. त्यात टेबल, खुर्च्या, संगणक, फलक बसतात. टेबलामागे बसणारी महिला अंमलदार त्यात बसत नाही. गणेशोत्सवाचा बंदोबस्त लागला की हजेरी मास्तर तिचे नाव आधी बंदोबस्ताच्या यादीत घालतो, आणि त्या दहा दिवसांत तक्रार घेऊन आलेली बाई रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहते. हा निधी घ्यायचा असेल, तर त्या कामावरील अंमलदाराला बंदोबस्तातून वगळण्याचा लेखी आदेश अधीक्षकांनी आधी काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

याच निधीत एक वेगळे उदाहरणही आहे, आणि ते पोलिसांपेक्षा न्यायव्यवस्थेच्या कामाचे आहे. बलात्कार आणि पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) प्रकरणांसाठी २०१९ पासून सुरू झालेल्या जलदगती विशेष न्यायालयांना निर्भया निधीतून केंद्राचा हिस्सा मिळतो, आणि त्यात प्रत्येक न्यायालयासाठी एक न्यायिक अधिकारी व सात कर्मचारी यांचे वेतन धरलेले आहे. योजनेत जागेबरोबर माणसेही धरलेली असली की काम उभे राहते, हे येथे दिसते. आपल्या जिल्ह्यात पॉक्सोचे खटले तुंबले असतील, तर आणखी एका वाहनापेक्षा अशा न्यायालयासाठी जिल्हा न्यायाधीशांशी समन्वय साधून उच्च न्यायालयामार्फत पाठपुरावा केलेला अधिक फळतो, कारण खटला वेळेत उभा राहिला नाही, तर साक्षीदार पांगतात आणि तपासावर केलेला सगळा खर्च वाया जातो.

तेव्हा सर्वसाधारण जिल्ह्याने पुढच्या वर्षाची यादी तीन भागांत फोडावी, हा माझा सल्ला आहे. बदली गाड्या आणि देखभालीसह कॅमेरे नियोजन समितीकडे न्यावेत, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, कारण जानेवारीत आराखड्याचा मसुदा जवळजवळ पक्का झालेला असतो आणि पाणीपुरवठा, रस्ते, शाळाखोल्या यांच्या मागण्या आधीच रांगेत असतात. सायबर आणि न्यायवैद्यक उपकरणे महासंचालक कार्यालयाच्या कृती आराखड्यात टाकावीत, आणि तेथे किमान दोन वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणे अपेक्षिले आहे, त्यामुळे या भागाला वरून पाठबळ मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे. हेल्प डेस्कचा प्रस्ताव मात्र अंमलदाराच्या नेमणुकीचा आदेश हाती आल्यावरच पाठवावा.

या तिन्ही दारांच्या मार्गदर्शक सूचना बदलत असतात, विशेषतः केंद्राच्या योजनेचा टप्पा संपताना. गेल्या वर्षीच्या नस्तीवरून या वर्षीचा प्रस्ताव उतरवून काढण्याआधी चालू वर्षाचे पत्र संबंधित विभागाच्या कार्यासनाकडून (कक्षाकडून) मागवून घ्यावे.