एका सरळ शिक्क्यापायी ३,४२,१६० रुपये गेले

आधी शिव्या घालून घ्या, मग वाचा. पाच माणसांत मिळून गूगल ड्राइव्हचं एकच लॉगिन होतं. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन केलेला. दोन टप्प्यांची पडताळणी मीच बंद केली होती, कारण कोड माझ्या मोबाइलवर यायचा आणि नाशिकची दोन्ही पोरं रात्री अकराला 'सर, कोड सांगा' म्हणून फोन करायची. माणशी वेगळ्या खात्याचे पैसे दर महिन्याला कोण भरतो? भरायला हवे होते.

ऑफिस कर्वेनगरला, म्हणजे मी आणि एक टेबल. बाकीचे चौघं आपापल्या गावाहून काम करतात. मशिनच्या गार्डचं ड्रॉइंग आम्ही करतो, पत्रा भोसरीला कापून घेतो. कापणाऱ्या शेठशी बारा वर्षांचे संबंध. त्यांची बिलं ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये येतात.

हिशेब बघणारी मुलगी साताऱ्याची. तिला मेल आला, 'तुमच्याशी फाइल शेअर केली आहे.' लॉगिनचं पान हुबेहूब, पण खोटं. तिने पासवर्ड टाकला, तो चोरांकडे गेला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिला मी एक शब्द बोललो नाही, मीही टाकलाच असता.

१९ तारखेची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी जीएसटीची शेवटची तारीख, डोकं त्यातच. बिल उघडलं. शेठच्या बिलावर शिक्का कायम तिरका, कोपऱ्यात ऑइलचा अंगठा. हे बिल धुतल्यासारखं स्वच्छ, शिक्का पट्टी लावून मारल्यासारखा सरळ. खाली ओळ, 'कृपया नवीन खात्यावर भरावे.' मला वाटलं, शेठनी मुलाला कॉम्प्युटरवर बसवलं. वाटलं! फोन करून विचारायला दहा सेकंद लागले असते.

त्याहून लाज वाटते ती पुढची. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना समोरचं खातं कोणाच्या नावावर आहे हे बँकेने आपल्याला दाखवायलाच हवं, असा नियम आहे. मला दिसलं. नाव भलतंच, शेवटी 'एंटरप्रायझेस'. मी ते वाचलं. वाचून 'कन्फर्म' दाबलं. बायकोच्या नावाने फर्म काढणारे भोसरीत काय कमी आहेत, अशी मनाची समजूत घातली. स्क्रीनवरचं नाव जुळलं नाही तर थांबा, कितीही घाई असो.

पाचव्या दिवशी शेठचा फोन. "दादा, तेवढं मागचं बिल राहिलं बघा." पोटात गोळा आला. खरं बिल ड्राइव्हच्या कचरापेटीत सापडलं, तिरक्या शिक्क्यासकट. ते तिथं ३० दिवसच टिकतं, म्हणून आधी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. बदल कोणी केला ते पाहिलं तर आमचंच नाव! एकच लॉगिन ना. त्याच रात्री जुनी माणसं तपासली, तर दीड वर्षापूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवरही आमचं ड्राइव्ह चालू होतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले, अडकले ते ११,३०० रुपये. तेही सोडवायचे तर तेव्हा म्हणाले, कोर्टाचा आदेश आणा. जितक्या लवकर कळवाल तितका त्या नंबरचा उपयोग. बँकेचे साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार?" नाव दाखवलं होतं हेही वर ऐकवलं. पोलीस ठाण्यात विचारलं, ऑफिस कुठे? कर्वेनगर. बिल कोणाचं? भोसरीचं. मग तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्या खात्यातून गेले, इकडे का आलात? तीन चकरा, पेट्रोल माझं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द आपली नसली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे मला चौथ्या चकरेला कळलं, ते कागदावर लिहून नेलं, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. तपास अजून 'चालू' आहे. नेमका कोण चालवतोय, विचारू नका.

आता प्रत्येकाचं खातं वेगळं, पडताळणी चालू. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय बंद करून नावानिशी शेअर करतो. तुम्ही आजच बघा, तुमचं बहुतेक उघडंच असेल. खातं बदललं म्हणणाऱ्याला जुन्याच नंबरवर फोन लावा, बिलावर छापलेल्या नाही.

शेठना महिन्याला ३०,००० देतोय. परवा नवीन बिल आलं, शिक्का तिरका. तरी फोन केला.

"दादा, मीच आहे," ते म्हणाले.