उन्हाचा त्रास की थायरॉइड?

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की घाम, धडधड, अशक्तपणा सगळंच उन्हाच्या नावावर खपतं. पण उन्हानं भूक मरते, भाकरी नकोशी होते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की बहुतेकदा उलटं होतं: दोन घास जास्त जातात, तरी ब्लाउज सैल होत जातो. मला हीच सर्वांत बोलकी खूण वाटते. वयस्कर माणसांत मात्र भूकही कमी होऊ शकते.

उन्हाची धडधड सावलीत बसून, पाणी पिऊन उतरते. थायरॉइडची पहाटे अंथरुणातही चालू असते, शांत पडल्यावरही नाडी मिनिटाला 100 च्या वर जाते. हात समोर ताणून बोटांवर कागद ठेवा, तो थरथरतो. विडी वळताना पानावर दोरा गुंडाळायला बोटं ऐकेनाशी झाली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, मावशी. वारंवार शौचाला होणं, पाळीला अंगावरून कमी जाणं, डोळे बटबटीत दिसणं, गळ्याशी सूज, ही उन्हाची लक्षणं नव्हेत.

रक्तात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) कमी आणि टी-3, टी-4 (थायरॉइड स्वतः बनवते ती संप्रेरकं) जास्त आलं की निदान जवळजवळ पक्कं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यामुळे रिपोर्ट चुकू शकतो.