सिरोसिसमध्ये लिव्हरचा एमआरआय: कोणतं इंजेक्शन, कोणतं मशीन?

स्वारगेटला एसटीतून उतरून उपाशीपोटी थेट आमच्या सेंटरवर आलेले नातेवाईक सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतात आणि विचारतात, "डॉक्टर, नेहमीचं इंजेक्शन घ्यायचं की ते महागाचं?" पुण्यात दोन्ही मिळतात. महागडं ते चांगलं, हा हिशेब मात्र इथे चालत नाही.

यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, कॅन्सरच्या गाठीला मुख्यतः धमनीतून. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं हे इंजेक्शन, दिल्यावर साधारण 35 ते 40 सेकंदांनी गाठ उजळते आणि पुढे आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. सिरोसिस, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं यकृत, असताना 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीत हे दोन्ही स्पष्ट दिसलं, तर बहुधा बायोप्सीही लागत नाही.

नेहमीचं गॅडोलिनियम, म्हणजे गॅडोब्युट्रॉलसारखं, रक्तवाहिन्यांतून पेशींभोवतीच्या जागेत जातं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. त्यात धमनीची फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमनीत भरलेला असतानाचं चित्र, सहसा दणदणीत येते. तीन ते पाच मिनिटांनंतरच्या चित्रांत गाठीचं काळं पडणं आणि भोवतीचं कवच, दोन्ही निर्धास्त वाचता येतं.

दुसरं गॅडॉक्सेटेट, बाजारातलं नाव प्रिमोविस्ट. त्यातलं जवळपास निम्मं यकृताच्या पेशी शोषून घेतात. 20 मिनिटांनी यकृत उजळतं आणि गाठ बहुधा काळी उठून दिसते. बारीक गाठी शोधायला याला तोड नाही. पण यकृत आपणहून उजळू लागलं की गाठ उगाचच काळी भासते, अगदी रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, हेमँजिओमासुद्धा. म्हणून लाय-रॅड्स या यकृताच्या गाठी वाचायच्या पद्धतीच्या नियमांत या इंजेक्शनसाठी 'काळी पडली' हे फक्त पोर्टल फेजमध्येच, म्हणजे कॉन्ट्रास्ट पोर्टल शिरेत भरल्यावरच्या चित्रातच धरतात. शिवाय ऐन धमनीच्या फेजला काहींचा श्वास अचानक चुकतो आणि नेमकं मोलाचं चित्र हलतं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, 3 च्या वर असेल तर यकृत नीट उजळतच नाही. मग जादा पैसे कशाचे?

माझं मत सरळ आहे. सोनोग्राफीत दिसलेली एकच गाठ कॅन्सरची आहे का, एवढाच प्रश्न असेल, पोटात पाणी असेल किंवा कावीळ असेल, तर नेहमीचं घ्या. ऑपरेशन किंवा सुईने गाठ जाळण्याच्या अ‍ॅब्लेशनआधी आणखी गाठी लपल्या आहेत का हे बघायचं असेल आणि यकृत बरं चालत असेल, तर गॅडॉक्सेटेटचा खर्च वसूल होतो.

सेटिंग्ज मात्र बदलावीच लागतात. गॅडॉक्सेटेटचा डोस किलोला 0.025 मिलिमोल, नेहमीच्याच्या पाव. एवढा छोटा डोस जोरात ढकलला तर क्षणात निघून जातो, म्हणून मी सेकंदाला 1 मिलीच्या वेगाने देतो आणि मागून सलाइन. घड्याळ लावून नाही, कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोचल्याचं बघून स्कॅन सुरू करायचा. धमनी भरलेली, पोर्टल शिरेत थोडा रंग, हिपॅटिक शिरा अजून काळ्या: वेळ साधली. मधल्या 20 मिनिटांत टी-2 आणि डिफ्यूजन ही दुसऱ्या प्रकारची चित्रं उरकायची. शेवटच्या फेजला फ्लिप अँगल (मशीनची एक सेटिंग) 10-12 वरून 25-30 अंशांवर नेला की गाठ आणखी ठळक होते.

मशीनबद्दल थोडक्यात: 3 टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चित्र बारीक येतं, पण जलोदर असेल तर पोटाच्या मधोमध काळी सावली पडते. अशा वेळी 1.5 बरं.

आणि श्वास! आजोबांना "ब्रीद आउट, होल्ड" कळत नाही, मग तिन्ही टेस्लावर पाणी. "श्वास सोडा, आता थांबा" हे टेबलावर घेण्याआधी दोन-तीनदा करून घ्यायला सांगा.

किडनी खराब असेल तर आधी क्रिएटिनिन दाखवा. मागच्या एमआरआयची सीडीही आणा, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. सहा महिन्यांपूर्वी ती गाठ 8 मिलिमीटर होती की 14, हे मला चित्रावर स्वतः मोजायचं असतं.