अमेरिकी शेअर्सचं ‘दर शुक्रवारचं उत्पन्न’: नाशिकमध्ये आमच्या अण्णांची झालेली फसवणूक

‘ॲपल, एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्टचे ऑप्शन विका आणि दर शुक्रवारी प्रीमियम घ्या’ असं शिकवणाऱ्या एका क्लासनं माझ्या थोरल्या भावाचे, अण्णांचे, ११ लाख रुपये नेले. ऑप्शन म्हणजे ठरल्या भावाला, ठरल्या मुदतीत शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. पैसे ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे. ‘लोभ नडला’ असं म्हणून विषय संपवणारे नातेवाईक आम्हाला भेटले, म्हणून आधीच सांगतो: अण्णांनी वेगळी वही करून सगळं समजून घेतलं होतं, शंका विचारल्या होत्या. आणि वर्गात शिकवलेलं बहुतेक सगळं बरोबर होतं. म्हणूनच तर संशय आला नाही.

वर्ग कॉलेज रोडच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी भरायचे. तिथे कव्हर्ड कॉल, म्हणजे आपल्याकडचा शेअर ठरल्या भावाला घेण्याचा हक्क (कॉल) दुसऱ्याला विकणं, नीट समजावला जायचा. अमेरिकेत एक काँट्रॅक्ट म्हणजे १०० शेअर. शेअर २०० डॉलरला असेल तर २१० चा कॉल विकायचा, समजा ३ डॉलर प्रीमियम मिळाला, म्हणजे ३०० डॉलर खिशात. ‘शेअर म्हणजे फ्लॅट आणि प्रीमियम म्हणजे त्याचं भाडं’, हे वाक्य अण्णांच्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाचं कात्रणही दाखवलं जायचं: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. ‘ते ऑप्शन विकत घेतात म्हणून बुडतात, आपण विकणारे.’ मुळात ते ९३ टक्के फक्त विकत घेणारे नव्हते. त्यात विकणारेही आले. पण हॉलमध्ये हे कोण उठून सांगणार?

भाड्याच्या उपमेत एक गोष्ट दडवलेली असते. शेअर २१० च्या वर गेला तर वरचा फायदा तुमचा नाही, पण खाली आला तर सगळा तोटा तुमचाच. २०० चा शेअर १७ टक्के पडला तर १०० शेअरवर ३,४०० डॉलर जातात आणि हातात प्रीमियमचे ३०० राहतात. हे नुसतं उदाहरण नाही. २७ जानेवारी २०२५ ला, चीनच्या डीपसीक या एआय कंपनीच्या बातमीनंतर, एनव्हिडिया एका दिवसात जवळपास १७ टक्के पडला, १४२ वरून ११८ वर.

त्याच आठवड्याची नोंद अण्णांच्या मोबाइलमधल्या क्लासच्या ॲपवर आहे. एनव्हिडियाचा १३५ चा पुट (म्हणजे शेअर पडला तरी तो १३५ ला घेण्याची हमी) विकलेला, मुदत शुक्रवार ३१ जानेवारी, आणि समोर हिरव्या अक्षरात ‘पूर्ण प्रीमियम जमा’. त्या शुक्रवारी शेअर १२० च्या आसपास बंद झाला होता. १३५ चा पुट विकणाऱ्याला एका काँट्रॅक्टमागे सुमारे १,५०० डॉलरचा फटका बसायला हवा, त्यातून फार तर मिळालेला प्रीमियम वजा. पूर्ण प्रीमियम राहणं शक्यच नाही. म्हणजे सौदा झालाच नव्हता. कुणीतरी नाशकात किंवा आणखी कुठे बसून आकडे भरत होतं. तुमच्या घरी कुणाच्या मोबाइलमध्ये असं ॲप असेल तर आजच ते बघा: ज्या आठवड्यात बाजार कोसळला, त्या आठवड्यातही नफाच दिसतोय का?

पैसे कसे गेले तेही बघा. सुरुवातीला छोटी रक्कम, आणि तिच्यावरचं ‘उत्पन्न’ खरंच बँकेत जमा झालं. मग मोठे हप्ते. प्रत्येक वेळी खातं वेगळं, नाव कुठल्याशा ट्रेडिंग किंवा एंटरप्रायझेसचं, रक्कम रुपयांत. अमेरिकेत कायदेशीर गुंतवणूक करायची तर पैसा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (परदेशी पैसे पाठवायची अधिकृत वाट), तुमच्याच बँकेमार्फत, त्यासाठीचा ए२ फॉर्म भरून परदेशी जातो. तेव्हाच्या नियमानं वर्षाला ७ लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जायचा. अण्णांच्या ११ लाखांवर ८० हजार कापलेले २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-नोंदीत, दिसायला हवे होते. तिथे काहीच नाही. पैसा देशाबाहेर गेलाच नाही.

शिवाय भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएसमधून परदेशी कंपनीचे शेअर घेता येतात, पण परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरायला पैसे पाठवता येत नाहीत. ऑप्शनसारख्या डेरिव्हेटिव्हमधली गुंतवणूकही रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय चालत नाही. म्हणजे नाशकात बसून एनव्हिडियाचे पुट विकून दर शुक्रवारी कमाई, ही योजना खरी असती तरी नियमात बसत नव्हती. क्लासमध्ये हा विषय एकदाही निघाला नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते, कारण एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं तरी अण्णा तिथून उठून आले असते.

पुतणीच्या लग्नासाठी सगळी रक्कम काढायला गेल्यावर उत्तर आलं: आधी नफ्यावरचा ३० टक्के ‘अमेरिकी कर’ भरा, मग पैसे सुटतील. कुठल्याही देशाचा कर असा भरत नाहीत. अमेरिकी कंपनीच्या लाभांशावर कर लागतो तो लाभांशातूनच कापून येतो. कुणाच्या तरी चालू खात्यात आगाऊ भरावा लागत नाही. वहिनींनी तिथेच हात धरला म्हणून तो हप्ता वाचला.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर पोलिसांत तक्रार दिली. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात गोठवली गेली आहे. आधीचे पैसे खात्याखात्यातून कधीच पुढे गेले होते.

त्या वर्गात पिंपळगाव, ओझरकडचे द्राक्षबागायतदार होते, सिडकोतले दुकानदार होते, दोन निवृत्त शिक्षिका होत्या. त्यातल्या काहींना अजून शुक्रवारी पैसे येतात आणि ते आमच्याशी वाद घालतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: येत्या सोमवारी सगळी रक्कम काढायची मागणी टाका. ‘कर’, ‘मार्जिन’, ‘खातं अनलॉक करण्याचं शुल्क’ यातला एक शब्द जरी समोरून आला, तरी एक रुपयाही भरू नका आणि त्याच तासात १९३० लावा. स्क्रीनशॉट, बँकेचे यूटीआर (प्रत्येक व्यवहाराचे) नंबर आणि ग्रुपमधले मेसेज काढून ठेवा; ग्रुप डिलीट होतो तेव्हा काहीच मागे राहत नाही.